टोचन

माणसाला मामा असावा, पण मामाला मोटार असू नये. असलीच तर मुंबईतल्या मामाला असावी. पुण्यातल्या, त्यातून सदाशिव पेठेतल्या, त्यातून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या मामाला मोटार असली, की भाच्याचं आयुष्य त्या मोटारीच्या मागे जातं. 'मागे' हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतो आहे. माझं बालपण मामांच्या मोटारीच्या मागे, दोन्ही तळवे डिकीवर टेकून, मान खाली घालून, "हं, आता!" या आरोळीची वाट पाहण्यात गेलं.

मोटार म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. १९६७ सालचं मॉडेल, दोन दारांचं. मामांनी ती १९७५ साली सेकंडहँड घेतली. माझं शिक्षण बी.कॉम. मोटारीविषयी मला कॉलेजात एवढंच शिकवलं होतं, की तिच्यावर घसारा धरायचा असतो. घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा धरला, तर वस्तूची किंमत कितीही वर्षं गेली तरी शून्य होत नाही. मामांची हेरल्ड याच एका तत्त्वावर आजवर टिकून आहे.

मामांना मात्र 'जुनी मोटार' म्हटलेलं खपत नाही. त्यांच्या मते ती स्पोर्ट्स कार आहे. नवीन माणूस वाड्यात आला, की चहा होईपर्यंत मामा त्याला वंशावळ ऐकवतात. विलायतेत १९५९ साली ट्रायम्फ कंपनीने हेरल्ड काढली. तिचं रूप मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कलावंताने रेखलं. १९६१ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. आणि, इथे मामा चहाचा कप खाली ठेवतात, याच हेरल्डची चासी थोडी आखूड करून त्याच मिकेलोत्तीने १९६२ साली 'स्पिटफायर' ही जगप्रसिद्ध स्पोर्ट्स कार बनवली.

"म्हणजे ही स्पिटफायर?" पाहुणा भाबडेपणाने विचारतो.

"ही तिची थोरली बहीण."

आता चुलत बहीण खो-खोत राज्यपातळीवर खेळली म्हणून आपण काही स्वतःला खेळाडू म्हणवून घेत नाही. पण हे मामांना सांगणार कोण? मामी एकदा म्हणाल्या होत्या, की स्पोर्ट्स आहे हे खरंच, कारण तिच्यामुळे सगळ्या वाड्याला व्यायाम होतो.

गाडीत गुण नाहीत असं नाही. रुंदी बरोबर पाच फूट, त्यामुळे वाड्याच्या दरवाजातून दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून ती आत येते. वळायला पंचवीस फुटांचं वर्तुळ पुरतं, म्हणून चौकात तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालून ती तोंड फिरवून उभी राहते. आणि तिचं बॉनेट! इतर गाड्यांचं बॉनेट पेटीच्या झाकणासारखं उघडतं. हेरल्डचं अख्खं तोंड, दिव्यांसकट, मडगार्डांसकट, पुढे झुकतं. एखाद्या वृद्ध गृहस्थाने वाकून नमस्कार करावा तशी ती दिसते. आम्ही लहानपणी तिला 'नमस्कार करणारी मोटार' म्हणत असू. आत इंजिन असं उघडंवाघडं पडतं, की मिस्त्रीला पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. मामा तसे बसतात. ब्याऐंशीव्या वर्षीही बसतात.

मुद्दा ढकलण्याचा होता. त्या काळी वाड्यात अकरा बिऱ्हाडं. हेरल्ड सकाळी घसा खाकरून गप्प झाली, की मामा नुसतं "चला रे!" म्हणायचे. आठ पोरं जमायची. दोन हाफचड्ड्या मडगार्डापाशी, चार मागे, एक नुसता ओरडायला आणि एक, म्हणजे मी, ज्याला डिकीचा मधला भाग आंदण दिलेला होता. गाडी बोळाच्या तोंडाशी सुरू व्हायची, आणि मामा हात बाहेर काढून, मागे न बघता, निरोपाचा इशारा करायचे. ते आमचं बक्षीस.

आज त्या आठांपैकी दोघे सॅन होजेला, एक सिडनीला आणि चौघे हिंजवडीला. यांत सगळ्यांत लांब हिंजवडी पडते. उरलो मी. वय सेहेचाळीस, हुद्दा क्लार्क, कमरेला पट्टा. अकरा बिऱ्हाडांची तीन झाली आहेत आणि त्या तिघांचं सरासरी वय पंच्याहत्तर. मोटार तशीच आहे. ढकलणारे संपले.

हे माझ्या लक्षात आलं ते गेल्या वर्षी, अलका टॉकीजच्या चौकात.

कोथरूडला एक मुंज होती. मी, मामा, मामी आणि आहेराचं ताट असे निघालो. चौकात सिग्नल हिरवा झाला आणि हेरल्ड बंद पडली. दोष गाडीचा नव्हता. पेट्रोल पंपातला डायफ्रॅम बदलायला झाला होता, आणि तो नाना पेठेतून आणायचं काम तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे दिलेलं होतं. मी ते बँकेच्या पद्धतीने हाताळत होतो.

पुण्यात गाडी बंद पडली, तर मदत मिळायला वेळ लागतो. मत लगेच मिळतं. पहिल्या मिनिटात तिघांनी कार्बोरेटर साफ करायला सांगितला. एकाने ही गाडी विकत का नाही असं विचारलं. एक स्कूटरवरचे आजोबा फक्त "शहात्तर साली माझ्याकडे हीच होती" एवढं सांगायला थांबले आणि निघून गेले. आपल्याकडे गाडीमागे गाडी बांधून ओढत नेण्याला 'टोचन' म्हणतात. मूळ इंग्रजी 'टो-चेन'चं गॅरेजमधल्या मंडळींनी टोचन केलं. पण पुण्याबाहेर हा शब्द निव्वळ ओढण्यापुरता असेल. पुण्यात आधी टोचण्याचा कार्यक्रम होतो, मग ओढण्याचा.

शेवटी एक भाजीचा टेंपोवाला उतरला. त्याने दोरखंड काढला आणि एकच प्रश्न विचारला. "हुक कुठंय?"

आम्ही तिघं गाडीच्या पुढे जाऊन पाहू लागलो. पन्नास वर्षं या गाडीला आम्ही मागूनच ओळखत होतो. पुढून तिला धरायला जागा आहे का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. नव्हती.

"बंपरला बांध," मामा म्हणाले. "लोखंडी आहे. आजकालच्यासारखा प्लास्टिकचा नाही."

टेंपोवाल्याने खांदे उडवले आणि बांधलं. मामा स्टिअरिंगवर बसले. टेंपो निघाला, दोर ताणला गेला, काडकन आवाज झाला, आणि हेरल्ड जागच्या जागी राहून फक्त बंपर लकडी पुलाच्या दिशेने रवाना झाला. टेंपोवाल्याला वाटलं, आपण मोटार ओढतो आहोत. तो मोठ्या जबाबदारीने, हळूहळू, हात दाखवून वळण घेत पूल ओलांडून गेला. इकडे मामाही, गाडी हललेली नसताना, खिडकीतून हात काढून वळण्याची खूण करत होते. मामी ताट मांडीवर धरून म्हणाल्या, "अहो, तो गेला." डेक्कनला पोचल्यावर त्या भल्या माणसाने मागे पाहिलं असावं. तो बंपर खांद्यावर टाकून चालत परत आला आणि एक अक्षर न बोलता त्याने तो मामांच्या हातात दिला. पैसेही घेतले नाहीत.

पुढे कॉलेजच्या सहा मुलांनी ढकलून आम्हाला घरी आणलं. मामांनी बोळाच्या तोंडाशी त्यांना थांबवलं, "बास, आता जाईल," म्हणाले, आणि आहेराच्या ताटातल्या आंबावड्या वाटल्या. मुलं गेल्यावर ती दहा मिनिटं तिथेच उभी होती. मग मी ढकलली.

त्या रात्री मी पहिल्यांदा म्हणालो, "मामा, गाडीला पुढे एक हुक लावून घेऊ."

मामांनी तीन हरकती नोंदवल्या. पहिली सौंदर्याची. "मिकेलोत्तीच्या गाडीला नाकात वेसण घालतोस?" दुसरी कायद्याची. केंद्र सरकारने २०२१ साली नियम केला आहे, की पन्नास वर्षं उलटलेली मोटार मूळ रूपात असेल, तिच्या चासीत, सांगाड्यात आणि इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिची 'विंटेज' म्हणून नोंद होते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. हुक लावला तर ही पदवी हुकेल. वास्तविक मामांनी ती नोंद केलेली नाही, कारण केली तर गाडी प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची, मुंजीला नाही. पण पदवी घ्यायची नसली तरी आपण अपात्र ठरू नये, असं त्यांचं म्हणणं.

तिसरी हरकत ते बराच वेळ बोलले नाहीत. मग पंख्याकडे बघत म्हणाले, "पुढे हुक लावायचा म्हणजे ही बंद पडणार, हे आपण आधीच लिहून दिल्यासारखं होतं."

या हरकतीवर मी गप्प बसलो, कारण ती माझ्या ओळखीची होती. बँकेत मी ठेवींच्या काउंटरवर बसतो. ठेवीचा फॉर्म भरताना माणसं नाव, पत्ता, रक्कम सगळं झरझर लिहितात, आणि नॉमिनीच्या रकान्याशी पेन उचलतात. "हे नंतर केलं तर चालेल का?" चांगली शिकलेली माणसं. मी सांगतो, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा माणूस. २०२५ च्या नोव्हेंबरपासून तर चार नावं लावता येतात. काही उपयोग होत नाही. त्या रकान्यात नाव घालायचं म्हणजे आपण एक दिवस नसणार, असं सही करून देणं. आपल्याला सही करायला आवडते, पण या मजकुराखाली नाही. त्यातून माझ्या स्वतःच्या खात्यात त्या रकान्यात आईचं नाव होतं, आणि आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

तेव्हा हुक राहिला. श्रावणात दुसरीच गोष्ट घडली. मामा न्हाणीघरात घसरून पडले. फार लागलं नाही. पण ते चाळीस मिनिटं फरशीवर बसून होते. मामी दहा पावलांवर स्वयंपाकघरात, रेडिओ लावून अळूवड्या उकडत होत्या. त्यांना वाटलं, आज अंघोळ सावकाश चालली आहे.

"हाक का मारली नाही?" मी विचारलं.

"कशाला? उठतच होतो."

डॉक्टरांनी भिंतीला धरायला एक दांडा बसवून घ्यायला सांगितलं. मामा म्हणाले, "ते न्हाणीघर आहे, पीएमटीची बस नव्हे."

आता माझ्याकडे दोन कामं झाली, एक दांडा आणि एक हुक, आणि दोन्हींना विरोध एकाच माणसाचा. असे अर्ज मंजूर कसे करून घ्यायचे, हे बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. अर्ज तोच ठेवायचा, फक्त कारणाचा रकाना बदलायचा.

गणपतीत एका संध्याकाळी मी सहज विषय काढल्यासारखा काढला. "मामा, शर्यतीच्या मोटारींचे नियम वाचत होतो."

मामांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"त्यांना पुढे आणि मागे ओढण्याची कडी सक्तीची असते म्हणे. ती नसेल तर शर्यतीत घेतच नाहीत."

"घेणारच नाहीत."

"आणि ती लांबून दिसावी म्हणून तिला पिवळा, लाल किंवा नारिंगी रंग द्यावा लागतो."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. वर्तमानपत्र परत वर गेलं. त्यामागून आवाज आला, "लाल चालतो म्हणालास?"

हे खरं आहे आणि विचार करण्यासारखं आहे. जगातल्या सगळ्यांत वेगवान गाड्या कारखान्यातून निघतानाच गृहीत धरतात, की कधीतरी आपण वाळूत रुतू, आणि आपल्याला कुणीतरी ओढून काढावं लागेल. त्यासाठी त्या धरायची जागा आधीच रंगवून ठेवतात. साध्या गाड्यांचीही तीच कथा. युरोपात १९७७ साली नियम झाला, की प्रत्येक मोटारीला पुढच्या बाजूला ओढण्याची सोय हवी, आणि त्या गाडीच्या भरल्या वजनाच्या निम्मा जोर तिने सोसला पाहिजे. हेरल्ड त्याआधीची. विलायतेत ती १९७१ सालीच बंद झाली.

पुढच्या रविवारी मी जुन्या बाजारात गेलो. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथे हत्तीचा साखळदंड मागितला तरी विक्रेता फक्त "एक पायाचा का चार पायांचा?" एवढंच विचारतो. मला एक झकास हुक मिळाला. माझ्या मनगटाएवढा जाड. साडेचारशेचा दोनशेला केला आणि विजयी मुद्रेने नाना पेठेत मामांच्या जुन्या मिस्त्रींकडे नेला.

मिस्त्रींनी तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "ट्रकचा हाय साहेब. हा लावला तर हुक ऱ्हाईल, गाडी जाईल."

मिस्त्री सत्तरीचे. हेरल्ड दारात आली, की ते दुकानातल्या पोरांना बाजूला सारून स्वतः उठतात. त्यांनी मला समोर स्टुलावर बसवून हुकाचं शास्त्र सांगितलं. ते मला बी.कॉम.च्या कुठल्याही विषयापेक्षा नीट समजलं, म्हणून इथे देतो.

पहिलं म्हणजे उघडा हुक नको, बंद कडी हवी. दोर सैल पडला की उघड्या हुकातून निसटतो. दुसरं, कडी पत्र्याला कधी लावायची नाही, बंपरला तर नाहीच. (इथे त्यांनी दोरीने बांधलेल्या बंपरकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.) ती चासीला लावायची. पुष्कळ गाड्यांना वेगळी चासी नसते, अंगच हाडाचं काम करतं. हेरल्डला मात्र खाली लोखंडी चासीचा सांगाडा वेगळा आहे, हे तिचं भाग्य. तिसरं, जुन्या चासीवर वेल्डिंग करायचं नाही, आहे त्याच भोकांतून बोल्ट घालायचे. मामांची विंटेजची पदवी इथे वाचली. चौथं, बोल्ट साधा नको. त्यांनी एक बोल्ट माझ्या नाकासमोर धरला. "डोक्यावरचा आकडा वाचा." आठ पूर्णांक आठ. "हा आकडा नसला तर घेऊ नका. दिसायला सगळे सारखेच." माणसांच्या डोक्यावर अशी सोय असती, तर कर्जखात्याचं काम किती हलकं झालं असतं! पाचवं, चासीच्या पलीकडच्या बाजूला बोल्टखाली जाड पट्टी द्यायची. नाहीतर सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो आणि लोखंड पाकिटासारखं फाटतं. आणि या सगळ्याच्या आधी गंज बघायचा. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासीवर ठोकत ठोकत कान लावला. डॉक्टर छातीवर ठोकतात तसं. मामा शेजारी श्वास रोखून उभे होते.

"भरीव हाय," मिस्त्री म्हणाले. मामांनी श्वास सोडला. त्यांच्याकडे बघून मला वाटलं, तपासणी दोघांची झाली.

आठ मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून कडी कापून, घासून, एका पोराने ती बसवली. सुंदर दिसत होती. मग मामांनी बॉनेट उघडायला घेतलं, आणि ते अर्ध्यावर अडलं. गाडीचं नाक पुढे झुकतं आणि खाली येतं, हे पोराच्या ध्यानातच नव्हतं. कडी बरोबर नाकाच्या वाटेत आली. नमस्कार करणारी मोटार आता नुसती मान हलवत होती. मिस्त्रींनी पोराचा उद्धार केला, कडी उतरवून चार बोटं आखूड केली आणि चासीच्या खालच्या अंगाला, जरा आत, पण दोर सरळ बांधता येईल अशी बसवली. शेवटी छताच्या कप्पीची साखळी कडीत अडकवून त्यांनी गाडीचं नाक जमिनीपासून वीतभर वर उचललं आणि चहा येईपर्यंत तसंच ठेवलं. "उचलली गेली ना? मग ओढणं काय!" एकूण खर्च अठराशे पन्नास. ट्रकच्या हुकाचे दोनशे वेगळे. तो आता आमच्याकडे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवला आहे.

कडीला लाल रंग मामांनी स्वतः दिला. दोन हात. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा झेंडूचा हार नेहमी वायपरला अडकवायचा, तो यंदा कडीला अडकवला. मामी म्हणाल्या, "चला, काहीतरी उपयोग झाला."

खरा उपयोग कार्तिकात झाला. सिंहगड रस्त्याला, राजाराम पुलाच्या अलीकडे, संध्याकाळी, ऐन गर्दीत हेरल्ड थांबली. (डायफ्रॅम. मी कबूल करतो.) मी नेहमीप्रमाणे मागे जायला उतरलो. मामाही उतरले, पण पुढे गेले. एका तरुणाने जीप बाजूला घेतली आणि काच खाली करून विचारलं, "काका, टोचन करू का? हुक आहे?"

"आहे!" मामा म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकला असेल, पण असा कधी नाही. काठी उलटी धरून त्यांनी कडी दाखवली. "इथे लावा. शर्यतीच्या गाड्यांना असते तीच."

मग त्यांनी त्या मुलाला, तो ऐकतो आहे की नाही याची पर्वा न करता, १९८९ च्या वाहतूक नियमांचा पाठ दिला. आता नियम नवे आहेत, २०१७ चे, पण मामांचा अभ्यास जुन्या पाठ्यपुस्तकातला. दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. वेग ताशी चोवीस किलोमीटरच्या वर नको. मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा. मामांनी खिशातून लायसन्स काढून दाखवलं. पुढच्याने हिसका द्यायचा नाही, दोर ताणला जाईपर्यंत गोगलगाईसारखं निघायचं. आणि दोर ताठ ठेवणं हे मागच्याचं काम. पुढचा थांबायला लागला, की आपण आधी हलका ब्रेक दाबायचा. हेरल्डचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर लागतो, इंजिन बंद असलं तरी अडत नाही.

"म्हणजे पुढच्याने ओढायचं आणि मागच्याने ताण ठेवायचा," मामी आतून म्हणाल्या. "पन्नास वर्षं तेच चाललंय."

"आणि पाटी हवी," मामा म्हणाले. "'ऑन टो' अशी. पांढऱ्यावर काळी अक्षरं, पंचाहत्तर मिलिमीटर उंच."

"आता पाटी कुठून आणू?" मी म्हणालो.

"डिकीत आहे."

खरोखरच होती. स्टेपनीच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पाटबंधारे खात्यातल्या माणसाने पट्टी लावून काढलेली ठसठशीत अक्षरं. मी ती मागच्या काचेला बांधायला उलटी केली, तर मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख होती. मामा आपल्या हातच्या प्रत्येक वस्तूवर तारीख घालतात. ती तारीख मुंजीच्या दुसऱ्या दिवसाची होती.

म्हणजे वेसण, विंटेज, पंखा या सगळ्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाटी करून ठेवली होती. आणि मी सगळा पावसाळा त्यांना पटवत होतो. मी काही बोललो नाही. दोरीची गाठ नीट मारली एवढंच.

सदाशिव पेठेपर्यंत ताशी चोवीसच्या आत आम्ही आलो. मागे हॉर्न वाजत होते. मामा ताठ बसून, दोन्ही हात चाकावर, दोर एकदाही ढिला पडू न देता गाडी आणत होते. बोळाच्या तोंडाशी त्यांनी "बास, आता जाईल," असं म्हटलं नाही. थेट तुळशीवृंदावनापर्यंत ओढत आणू दिली. त्या मुलाने आत येऊन चहा घेतला. चहा होईपर्यंत त्याला मिकेलोत्ती ऐकावा लागला, पण तो आनंदाने ऐकत होता असं दिसलं. जाताना मामांना म्हणाला, "काका, लय भारी गाडी आहे. कधी अडली तर फोन करा." आणि मामांनी त्याचा नंबर लिहून घेतला. तारीख घालून.

दुसऱ्या दिवशी बँकेत मी जेवणाच्या सुट्टीत नॉमिनेशनचा फॉर्म घेतला आणि नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं. शेजारच्या काउंटरवरचा म्हणाला, "काय रे, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, हुक लावतोय. त्याला कळलं नाही.

राहता राहिला न्हाणीघराचा दांडा. त्याबद्दल मी पुन्हा काही बोललोच नाही. पंधरा दिवसांनी गेलो, तर नाना पेठेचे मिस्त्री वाड्यातून हात पुसत बाहेर पडत होते. आत न्हाणीघराच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, चार बोल्टांवर एक दणकट दांडा बसला होता. लालभडक. बोल्टांच्या डोक्यावरचा आकडाही मी वाकून वाचला. बरोबर होता.

"रंग उरला होता," मामा म्हणाले. "वाया गेला असता. टॉवेल अडकवायला बरा पडतो."

मी दर रविवारी जातो. त्या दांड्यावर अजून एकदाही टॉवेल दिसलेला नाही.